कोविशिल्डचे 84 दिवस: दोन डोसमधल्या अंतराची पार्श्वभूमी

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झाले तेव्हा कोविशिल्डच्या दोन डोसमधले अंतर 4 ते 6 आठवडे होते. 22 मार्चला ते 8 आठवड्यांपर्यंत वाढले, 13 मेला 12 ते 16 आठवडे झाले. साताऱ्या-सांगलीत तेव्हा दुसरी लाट ओसरायचे नाव घेत नव्हती आणि कोविन हे लसीकरणाचे सरकारी पोर्टल 84 दिवसांच्या, म्हणजे 12 आठवड्यांच्या, आत दुसऱ्या डोसची नोंदणी घेईना. लस नाही म्हणून मुदत वाढवली, अशी बोलवा होती. टंचाई होतीच, पण नुसती टंचाई नव्हती.

देवीची लस एकदा टोचली की पुरे, कारण तिच्यातला जिवंत विषाणू कातडीत वाढायचा, फोड यायचा, वण राहायचा. जी लस शरीरात वाढत नाही, तिला शरीराला शिकवायला एवढा वेळ मिळत नाही, म्हणून बहुधा दुसरा डोस लागतो. 1921 मध्ये ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने घटसर्पाच्या विषावर प्राण्यांमध्ये काम करताना दाखवले की काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेला शरीर पहिलीपेक्षा लवकर आणि कितीतरी जोरकस उत्तर देते. 1926 मध्ये ग्लेनींनीच लसीत तुरटी घालून परिणाम वाढवला. कोव्हॅक्सिनमधला ॲल्युमिनियमचा जेल त्याच घराण्यातला. तो गोठला की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस वाया जाते. म्हणून डीप फ्रीझरमधला आइसपॅक आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचा आणि मगच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) घालायचा. घाईत नेमके हेच चुकते.

कोविशिल्डच्या 0.5 मिलीमध्ये चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसचे सुमारे 5,000 कोटी कण असतात. ते वाढू शकत नाहीत. दंडाच्या पेशींना फक्त कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनचा जनुक पोचवतात. पेशी ते प्रोटीन बनवतात, पहारेकरी पेशी त्याचे तुकडे काखेतल्या लसिका ग्रंथींत नेतात. काहींना काखेत अवधाण येते ते यामुळेच. तिथे बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आपल्या अँटीबॉडीत बारीक बदल करत राहतात. जी स्पाइकला घट्ट चिकटते ती टिकते, बाकीच्या मरतात. ही निवड आठवडेच्या आठवडे चालते. निवडलेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन अँटीबॉडी तयार करत बसतात, काही विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी होतात. शिवाय टी पेशी लागण झालेल्या पेशीच मारतात.

दुसरा डोस लवकर दिला तर स्मृतिपेशी अर्ध्याकच्च्या असतात. वर पहिल्या डोसने वाहक ॲडिनोव्हायरसविरुद्धही अँटीबॉडी तयार झालेल्या असतात, त्या नव्या कणांना वाटेतच अडवू शकतात. ही लस मुळात ऑक्सफर्डची; त्यांच्या फेब्रुवारी 2021 च्या आकड्यांत 6 आठवड्यांहून कमी अंतराला परिणामकारकता 55.1 टक्के होती, 12 किंवा जास्त आठवड्यांना 81.3. कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा पण निष्क्रिय केलेला विषाणू, वाहक नाही. तिचे अंतर 4 ते 6 आठवडेच राहिले.

ऑक्सफर्डचे आकडे डेल्टा या नव्या कोरोना-प्रकाराच्या आधीचे, आणि गोम तिथेच होती. इंग्लंडच्या नोंदींत ऑक्सफर्डच्या लसीचा, म्हणजे आपल्या कोविशिल्डचा, एक डोस डेल्टाच्या लक्षणांपासून जेमतेम 30 टक्के संरक्षण देत होता, दोन डोस 67. डेल्टाच्या धास्तीनेच ब्रिटनने 14 मेला, आपण अंतर वाढवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पन्नाशीपुढच्यांसाठी ते 12 वरून 8 आठवड्यांवर आणले. आमच्या मते साठीपुढच्यांना इथेही तीच सवलत द्यायला हवी होती. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यात निर्बंध सैल झाले, तेव्हाही कडक निर्बंध कायम ठेवलेल्या 11 जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) कारागीर किंवा माणचे मेंढपाळ यांच्यासारख्या, वर्षातला मोठा काळ गावाबाहेर असणाऱ्यांना 84 दिवसांची तारीख गाठणे आणखी अवघड.

दंडात टोचलेल्या लसीने रक्तात भरपूर अँटीबॉडी येतात, नाकाच्या अस्तरात फारच कमी. काही महिन्यांत रक्तातल्याही उतरतात. म्हणून ओमिक्रॉनने दोन डोसवाल्यांनाही गाठले. दवाखान्यात भरती होण्यापासून मात्र बहुतेकांना टी पेशींनी आणि स्मृतिपेशींनी वाचवले. 10 जानेवारी 2022 पासून तिसरा, प्रिकॉशन डोस सुरू झाला, आधी 9 महिन्यांच्या आणि पुढे 6 महिन्यांच्या अंतराने. दर नाकपुडीत 4 थेंब टाकायची नाकातली लस जानेवारी 2023 मध्ये आली, तोवर केंद्रांवरची गर्दी केव्हाच ओसरली होती.