फुटाळ्याला भरती काऊन येत नाही?

२०२५ च्या अनंत चतुर्दशीचं विसर्जन आम्ही नागपूरकर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत टीव्हीवर पाहत होतो. लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोचला तोवर पाणी चढायला लागलं होतं. मूर्ती तराफ्यावर जाईना, आणि सगळं तासन्‌तास खोळंबलं. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. शेजारच्या काकूंनी पोह्यांवर तर्री घालता घालता निकाल देऊन टाकला, "गिऱ्हान होतं ना बाप्पा, म्हनून समुद्र खवळला." मी म्हटलं, ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमाराला, पाणी सकाळीच चढलं होतं. त्यावर काकू म्हणाल्या, "चंद्र पानी ओढते म्हनता ना तुमी? मंग आपल्या फुटाळ्याचं काऊन नाई ओढत?"

फुटाळा म्हणजे आमच्या नागपुरातला तलाव. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

ग्रहणाचं आधी उरकून टाकू. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, त्यामुळे विसर्जनाला उधाण हे दरवर्षीचंच. किनाऱ्यावर भरतीचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते. पंचांगाचा हा उपयोग मला शंभर टक्के मान्य आहे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत येतातच. ग्रहणात ती रेषा थोडी जास्त सरळ असते, इतकंच.

आता चंद्राचं ओढणं. शाळेत शिकलेलं "चंद्र पाणी ओढतो" खरं मानलं तर चंद्राकडच्या बाजूला एकच फुगवटा यायला हवा, म्हणजे दिवसातून एकच भरती. येतात मात्र दोन, सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतरानं. दुसरी भरती पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूला, चंद्राच्या बरोबर उलट दिशेला. तिकडे कोण ओढतं?

कोणीच नाही. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर. पृथ्वीच्या मध्यावर चंद्राची ओढ १०० धरली, तर जवळच्या बाजूच्या पाण्यावर ती साधारण १०३ भरते आणि पलीकडच्या पाण्यावर ९७. पृथ्वीही जागेवर खिळलेली नाही. ती आणि चंद्र एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, म्हणजे पृथ्वी चंद्राकडे सतत पडतच असते. समजा, झिरो माइलवरून तीन सायकलवाले कोराडीकडे निघाले. पुढचा जरा जोरात, मधला मध्यम, मागचा जरा हळू. तिघंही उत्तरेलाच चाललेत, पण मधल्याला काय दिसतं? पुढचा पुढे सटकतोय, मागचा मागे राहतोय, दोघंही आपल्यापासून लांब चाललेत. १०३ मधून १०० गेले, अधिक ३. ९७ मधून १०० गेले, उणे ३. तो उणे ३ म्हणजे मागची भरती.

एकदा हे पटलं की सूर्याचं कोडंही सुटतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोरानं ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण भरती ओढीवर ठरत नाही, ओढीतल्या फरकावर ठरते. सूर्य चंद्राच्या ३९० पट लांब आहे. इतक्या लांबून पृथ्वीची ही बाजू काय आणि ती बाजू काय, त्याला सारखीच. १८० ला ३९० नं भागा, ०.४६ येतं. हा ४६ टक्के वाटा पौर्णिमा-अमावास्येला चंद्राच्या भरतीत मिसळतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास तो आडवा येतो, ती भांगाची भरती.

अजून एक पायरी आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. हा ३ टक्क्यांचा फरक पृथ्वीच्या गुरुत्वापुढे किती? एक कोटीत एक भाग. एवढ्यानं पाणी वर उचललं जात नाही. समुद्र उचलला जातो तो आडव्या लोटण्यानं. परातीतला भात दोन्ही तळव्यांनी मध्ये लोटला की ढीग होतो, वरून कोणी ओढत नाही. तसंच हजारो किलोमीटरवरचं पाणी तासन्‌तास किंचित किंचित एका बाजूला सरकतं आणि साचतं. त्यातही खंड आडवे येतात. शिवाय चार किलोमीटर खोल समुद्रात लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपासच धावू शकते, आणि चंद्राखालचा बिंदू विषुववृत्तावर ताशी १,६०० किलोमीटरनं पळत असतो. त्यामुळे फुगवटा चंद्राखाली शिस्तीत उभा असतो हे पुस्तकातलं चित्रही फसवंच. प्रत्यक्षात पाणी बादलीतल्यासारखं हिंदकळतं. खंभातच्या आखातासारख्या निमुळत्या जागी ते दहा मीटरपर्यंत चढतं, कोचीला मीटरभरही नाही.

फुटाळ्याच्या किलोमीटरभर पाण्यात लोटून आणायला आहेच काय? चंद्रामुळे या काठापासून त्या काठापर्यंत पातळीत फरक पडेल तो एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही. "माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला डोकं फिरतं" असे मेसेज पाठवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चंद्र माथ्यावर असताना ६० किलोच्या माणसाचं वजन यानं सहा-सात मिलिग्रॅमनं कमी होतं. तांदळाचा एक दाणा त्याच्या तिप्पट भरेल.

तरी काकूंचा प्रश्न संपत नाही, कारण पायाखालची जमीन हजारो किलोमीटरच्या त्याच गोळ्याचा भाग आहे. ती खडकाची असली तरी लवते. नागपूरची जमीनही दिवसातून दोनदा वर-खाली होते, उधाणाच्या दिवसांत वीतभर तरी. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेचा २७ किलोमीटर घेराचा जुना कणत्वरक होता, म्हणजे सूक्ष्म कण प्रचंड वेगानं पळवणारं यंत्र. या लवण्यानं त्याचा घेर मिलिमीटरभर बदलायचा, कणांची ऊर्जा हलायची आणि शास्त्रज्ञांना हिशोबात चंद्र धरावा लागायचा. फुटाळ्यावर असं काही दिसत नाही. तिथे तलाव, काठ, भुट्टेवाला आणि त्याची शेगडी सगळं एकदम वर जातं, आणि सव्वासहा तासांनी एकदम खाली येतं.