श्रोणिदुखी, गरोदरपणातील

श्रोणी म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे. गरोदरपणात या कड्याच्या सांध्यांमध्ये जे दुखणे सुरू होते त्याला श्रोणिदुखी म्हणतात. ते पुढे, दोन्ही जांघांच्या मधल्या हाडावर असते, किंवा मागे, पाठीच्या तळाशी जिथे दोन खळ्या दिसतात त्यांच्या आसपास. कित्येकींना दोन्हीकडे दुखते. साधारण पाच गरोदर स्त्रियांमागे एकीला हा त्रास होतो. पोटातल्या बाळाला त्याने इजा होत नाही, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकींचे दुखणे जाते. पण तोवरचे चार-चार महिने कूस वळताना कळ उठणार असेल आणि जिन्याची पायरी डोंगराएवढी वाटणार असेल, तर ‘या दिवसांत दुखायचंच’ हे उत्तर पुरेसे नाही. हे दुखणे ओळखता येते आणि पुष्कळ कमी करता येते.

नावाचा घोळ : मराठीत या दुखण्याला रूढ नाव नाही, आणि त्याचे नुकसान रुग्णाला सोसावे लागते. ‘पेल्व्हिक पेन’ या शब्दांचे भाषांतर सर्रास ‘ओटीपोटात दुखणे’ असे केले जाते. ओटीपोट म्हणजे बेंबीखालचा मऊ भाग. त्याच्या आत गर्भाशय आणि मूत्राशय असतात. श्रोणिदुखी असते हाडांच्या सांध्यांत. दोन्हींची कारणे वेगळी, उपाय वेगळे, आणि गरोदरपणात ओटीपोटात दुखणे हे कधी कधी तातडीने दवाखाना गाठण्याचे कारण असते.

त्यात पुढच्या हाडाची जागा अशी, की सासूसमोर सोडाच, डॉक्टरांसमोरही ती सांगायला जीभ रेटत नाही. मग ‘कंबर दुखते’ किंवा ‘खाली दुखतं’ एवढेच सांगितले जाते. कंबर म्हटले की मणक्याचा विचार होतो, खाली म्हटले की लघवी तपासायला जाते, आणि खरे दुखणे आहे तिथेच राहते. यावरचा सोपा मार्ग म्हणजे शब्द न शोधता बोट ठेवून दाखवणे. सगळ्या कमरेवरून तळहात फिरवण्याऐवजी एका बोटाने नेमकी जागा दाखवली, तर तपासणाऱ्याचे निम्मे काम होते. नॉर्वेत या त्रासाला ‘श्रोणी सुटणे’ अशा अर्थाचा बोलीतलाच शब्द आहे. तिथे बाईला एका शब्दात सांगून मोकळे होता येते.

रचना : कड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठे नितंबास्थी, मागे पाचर ठोकल्यासारखे त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड. दोन्ही नितंबास्थी पुढे कूर्चेच्या चकतीने जोडलेली असतात, तो जघनसंधी. मागे ती त्रिकास्थीला दोन बाजूंनी मिळतात. खांद्यासारखे किंवा गुडघ्यासारखे हे सांधे फिरत नाहीत, त्यांची हालचाल अगदी थोडी असते. त्यांचे काम धरून ठेवण्याचे. धडाचे सगळे वजन पायांत उतरते ते याच सांध्यांतून.

जघनसंधीतली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणात ती २-३ मिलिमीटरने वाढते, आणि ते स्वाभाविक आहे. बाळाला वाट हवी असते. फट १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर सांधा उसवला असे मानतात. असे क्वचित घडते आणि बहुधा प्रसूतीच्या वेळी.

कारणे : बहुतेक ठिकाणी सगळा दोष रिलॅक्सिन या संप्रेरकावर टाकलेला दिसतो. फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली गिनीपिगवरच्या प्रयोगांतून ते ओळखले. रिलॅक्सिनमुळे अस्थिबंध, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल होतात हे खरे, पण त्याचे रक्तातले प्रमाण पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असते आणि दुखणे बहुधा त्यानंतर वाढत जाते. शिवाय जिच्या रक्तात ते जास्त तिला जास्त दुखते, असेही दिसलेले नाही. आता अधिक पटणारे स्पष्टीकरण असे : अस्थिबंध सैल झाले की कडे आवळून धरण्याचे काम पोटाच्या, नितंबांच्या आणि श्रोणीच्या तळाच्या स्नायूंवर येते. वाढत्या पोटाने शरीराचा तोल पुढे गेलेला असतो. स्नायूंना हे ओझे पेलले नाही, किंवा एका बाजूचा सांधा दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त हलू लागला, की दुखणे सुरू होते.

आधीपासून कंबरदुखी असणे, पूर्वी अपघातात किंवा पडून श्रोणीला मार लागलेला असणे आणि मागच्या खेपेला हेच दुखणे झालेले असणे, यांनी शक्यता वाढते. पूर्वी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. घरात कोणी तसे बोलत असेल, तर हे त्या बाईला आवर्जून सांगायला हवे.

लक्षणे : मुख्य खूण अशी, की वजन एका पायावर आले की कळ उठते. उभ्याने सलवारीत पाय घालताना, एसटीची उंच पायरी चढताना, स्कूटरवर टांग टाकताना, उंबरठा ओलांडताना. कळ जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा नितंबात पसरते. चालताना पुढे ‘कट्’ असा आवाज जाणवतो, पावले आखूड पडतात, चाल डुलती होते. दुखणे पुष्कळदा काम करतानाच्या वेळी फारसे होत नाही. दिवसभराचे काम रात्री भोवते. त्यामुळे ‘सकाळी तर चांगली कामं करत होतीस’ असे ऐकावे लागते.

तपासणी : निदान हातांनी होते, क्ष-किरणांची गरज सहसा पडत नाही. बाईला उताणे निजवून, गुडघा न वाकवता एक टाच सुमारे २० सेंटिमीटर वर उचलायला सांगतात. पाय शिशासारखा जड लागतो, कधी उचलतच नाही. मग तपासणारी व्यक्ती दोन्ही हातांनी कमरेची हाडे बाजूंनी आत दाबून धरते आणि पुन्हा उचलायला सांगते. तोच पाय आता हलका होऊन वर येतो. कडे आवळले की ताकद परत येते हे बाईला स्वतःला कळते, आणि कित्येकींचा ‘माझ्या पायातलं बळच गेलं’ हा धसका तिथल्या तिथे उतरतो.

पुढील गोष्टी मात्र श्रोणिदुखीत बसत नाहीत आणि त्यांसाठी थांबू नये : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी होणे, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीच्या भागाला बधिरपणा. पाय टेकवणेच अशक्य झाले तरी लगेच दाखवावे.

रोजचे वागणे : औषधापेक्षा जास्त गुण इथे येतो. धरायचे सूत्र एवढेच, की गुडघे जवळ ठेवायचे आणि वजन दोन्ही पायांवर सारखे घ्यायचे.

रात्री लघवीला उठायची वेळ घ्या. डाव्या कुशीवर झोपलेली बाई झोपेतच एक पाय पुढे टाकते, कमरेला पीळ बसतो आणि कळ थेट डोक्यात जाते. त्याऐवजी आधी क्षणभर थांबावे. गुडघ्यांमधली उशी तशीच दाबून धरावी, हलका श्वास सोडत पोट आणि खालचे स्नायू आत ओढून घ्यावेत. मग दोन्ही गुडघे एकत्र पलंगाच्या कडेला आणावेत, पाय खाली सोडताना हाताने गादी रेटून धड वर घ्यावे. बसल्यावर चार श्वास थांबून मगच उभे राहावे. कूस बदलायची तर खांदे, कंबर आणि गुडघे एकदम, ओंडका वळवावा तसे. उशी दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोचेल अशी लांब हवी. जुनी गोधडी घट्ट गुंडाळली तरी चालते.

आपल्या घरांत बरीच कामे जमिनीवर होतात आणि ती या सांध्यांना जाचक ठरतात. उकिडवे बसून भांडी घासणे, विळीवर चिरणे, फार वेळ मांडी घालून बसणे. ‘बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल’ हा सल्ला घरोघरी प्रेमाने दिला जातो; ज्या बाईला श्रोणिदुखी नाही तिला त्याने अपाय होणार नाही, पण जिला आहे तिने तो मुळीच पाळू नये. चिरणे-निवडणे टेबलाशी किंवा ओट्याशी उंच स्टुलावर बसून करावे. देशी पद्धतीच्या संडासात बसवत नसेल, तर मधोमध भोक असलेली खुर्ची औषधांच्या दुकानांत मिळते. ती आणायला संकोच करू नये. सलवार, परकर, चप्पल सगळे बसून घालावे. जिना चढताना कमी दुखरा पाय आधी, उतरताना जास्त दुखरा पाय आधी, आणि एका पायरीवर दोन्ही पाय. रिक्षात बसताना आधी पाठमोरे होऊन बूड टेकवावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणे सोडावे.

थोरले मूल दोन-तीन वर्षांचे असेल तर ते कडेवर चढायला मागते. कडेवर घेणे म्हणजे एका कमरेवर दहा-बारा किलो, आणि तीही बाहेर काढलेल्या कमरेवर. याहून वाईट भार या सांध्यांना क्वचितच मिळतो. आईने बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे. पाण्याचा हंडा, बाजाराची एका हातातली पिशवी यांनाही हेच लागू.

हे सारे जिच्या हातात आहे तिच्यासाठी. ऊसतोडीच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणाऱ्या गरोदर बाईला कोणत्या पायरीवर कोणता पाय ठेवायचा हे सांगून भागत नाही. तिचे काम कमी व्हायला हवे. १९६१ सालच्या मातृत्व लाभ कायद्यातली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेली तरतूद अशी, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्याही आधीचा एक महिना, तिने मागणी केल्यास जड किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम तिला देता येत नाही. दुकानात, शाळेत, कारखान्यात काम करणाऱ्या बाईने ही मागणी जरूर करावी. फडावर मात्र ती मुकादमाकडे करायची, आणि उचल त्याच्याचकडून घेतलेली असते. सरकारी आरोग्यकेंद्रांत २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. निदान तिथे तरी हे दुखणे बोट ठेवून दाखवावे, आशाताईंनीही ते विचारावे.

व्यायाम, पट्टा, औषधे : गरोदर स्त्रियांवर उपचारांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे लवकर जावे, दुखणे जुने होण्याची वाट पाहू नये. पोटाचे खोल स्नायू, नितंब आणि श्रोणीचा तळ यांना बळ देणारे व्यायाम, गुडघे-तळहात टेकून पाठ हलकेच वर-खाली करणे, कमरेइतक्या पाण्यात चालणे यांचा उपयोग होतो. गर्भसंस्काराच्या वर्गांत बद्धकोनासन आणि मलासन सगळ्यांकडून करून घेतात. पुढच्या हाडात दुखत असेल, तर ही पाय फाकवण्याची आसने टाळावीत आणि तसे शिकवणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगावे.

श्रोणीचा पट्टा पोटाच्या खाली, खुब्यांच्या जरा वर, कड्याभोवती बांधतात. बाळंतपणानंतर पोटाला गुंडाळतात तो हा नव्हे. चालायच्या-उभे राहायच्या वेळेपुरता बांधावा, झोपताना सोडावा. बांधून दुखणे वाढले तर जागा चुकली आहे किंवा तो तिच्यासाठी नाही.

पाठीला कोमट पिशवीचा शेक चालतो, पोटावर देऊ नये. हलक्या हाताने तेल लावणे सुखाचे असते. ‘हाड सरकलंय, बसवून देते’ म्हणून कोणी झटका देऊ लागले तर नको म्हणावे. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मनाने घेऊ नयेत. २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकते, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. बाजारात पॅरासिटामॉलबरोबर ही औषधे मिसळलेल्या गोळ्या खूप मिळतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲक्युपंक्चर आणि स्नायूंचे व्यायाम या दोन्हींनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडल्याचे दिसले.

प्रसूती : केवळ या दुखण्यासाठी सिझेरियन करावे लागत नाही. आधीच्या आठवड्यांत गुडघे न दुखता किती फाकतात ते मोजून ठेवावे, ते अंतर केसपेपरवर लिहून घ्यावे आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरना सांगावे. कुशीवर झोपून किंवा गुडघे-हात टेकून प्रसूती होऊ शकते. पाय आधारावर चढवायचेच असतील तर दोन्ही एकाच वेळी उचलावेत. पाठीत भूल दिलेली असताना तर जास्तच जपावे, कारण तेव्हा सांधा ताणला गेला तरी बाईला कळत नाही.

बाळंतपणानंतर : साधारण दहांतल्या एकीचे दुखणे पुढेही रेंगाळते. तिला पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला हवे. सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी आणि आयते गरम जेवण ही आपली रीत या सांध्यांना मानवते. सांभाळायचे ते बाळाच्या न्हाणीचे : पाटावर बसून, पाय लांब पसरून, पायांवर बाळाला आडवे घेऊन तेल-पाणी घालताना आणि मग त्याला उचलून उठताना श्रोणीवर मोठा ताण येतो. पहिले काही आठवडे ते आजीने किंवा मालिशवाल्या बाईने करावे, आणि बाळंतिणीने टेकून बसून, हातात मऊ कोरडे धोतर धरून बाळाला गुंडाळून घ्यावे.