बेळगाव सीमाभागात अप्रेंटिसशिप करायची असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि करार

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत ‘पोराला शेडमध्ये शिकायला लावलंय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यातली बरीच मुलं कागदोपत्री कुठेच नसतात. लेथ हातात बसलेली असते, ड्रॉइंग वाचता येतं. पण दुसरीकडे काम मागायला गेलं की दाखवायला काही नसतं. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालची अप्रेंटिसशिप वेगळी असते. तिच्यात नोंदवलेला करार असतो, किमान स्टायपेंड (विद्यावेतन) ठरलेला असतो आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. खालची माहिती त्या प्रकाराची आहे.

वय किमान १४ पूर्ण हवं, धोकादायक उद्योगांत १८. शिक्षणाची अट ट्रेडप्रमाणे, म्हणजे शिकायच्या कामाप्रमाणे, बदलते. काही ट्रेडना पाचवी पासही चालतो, बहुतेक ठिकाणी दहावी किंवा आयटीआय मागतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, फौंड्रीतला मोल्डर हे आपल्या पट्ट्यात चालणारे ट्रेड. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकते. डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांची वाट वेगळी. त्यांनी ‘नॅट्स’ या पोर्टलवर नोंदणी करायची. कर्नाटकासाठी त्याचं प्रादेशिक मंडळ चेन्नईला आहे. बाकीच्यांसाठी ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ हे पोर्टल.

निपाणीच्या मुलांना नेहमी पडणारा प्रश्न: आधारवर पत्ता कर्नाटकातला, मग कागलच्या एमआयडीसीत चालेल का? चालेल. कायदा केंद्राचा आहे, पोर्टल देशभर एकच. तसंच चंदगड-गडहिंग्लजचा मुलगा बेळगावजवळच्या होनग्यातल्या कारखान्यात अर्ज करू शकतो. सीमेचा वाद कोर्टात कितीही वर्षं चालो, या अर्जात तो आड येत नाही.

कारखाना घेईल का, हा पुढचा मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला (कंत्राटी धरून) एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या शेडला ते ऐच्छिक. आपल्याकडची पुष्कळ वर्कशॉप या दुसऱ्या गटात बसतात, त्यामुळे तिथे मालकाला समजावावं लागतं. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की किमान स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार भरतं. ही योजना २०१६ पासून आहे, आणि २०२३ पासून सरकारचा हा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो.

कागदपत्रं मोजकी आहेत: आधार, दहावीचं मार्क्स कार्ड, आयटीआय झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र, बँक पासबुक, फोटो, सही, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल. अडकतं ते नावात. कर्नाटक बोर्डाच्या कार्डावर बऱ्याचदा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं आणि आधारवर आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण. ‘संतोष एन पाटील’ आणि ‘संतोष नारायण पाटील’ हा एकच माणूस आहे हे आपल्याला कळतं, संगणकाला कळत नाही. नोंदणीआधीच आधार मार्क्स कार्डाप्रमाणे करून घ्या. उलट दुरुस्ती, म्हणजे बोर्डाच्या कार्डात, फार वेळ खाते. जन्मतारखेचंही तेच. जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका, जिल्ह्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आहे.

बँकेचं खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधारला जोडलेलं हवं. पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं पासबुक काढून ठेवू नका, त्याचा इथे उपयोग नाही. दोन बँकांत खाती असतील तर सरकारी पैसे आधार शेवटी जिथे जोडलं तिथे जातात; ‘पैसेच आले नाहीत’ या तक्रारीत आधी ते दुसरं खातं उघडून बघावं.

जातीचा दाखला आरक्षण हवं असेल तरच. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) मिळतो तो राज्याच्या नमुन्यातला. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ ब प्रवर्गात आहे, पण ती राज्याची यादी झाली. रेल्वेसारख्या केंद्राच्या भरतीत केंद्राची यादी आणि केंद्राचाच नमुना लागतो.

अर्जाचा क्रम सरळ आहे. पोर्टलवर नाव नोंदवा, आधारच्या ओटीपीने ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) करा, शिक्षण भरा, मग जिल्हा आणि ट्रेड निवडून जागा शोधा. कारखान्याने निवड केली की ऑनलाइन करार तयार होतो. तो उमेदवाराने स्वीकारायचा; वय १८ च्या आत असेल तर पालकाची सही लागते. करार नोंदवला गेल्याशिवाय अप्रेंटिसशिप सुरू झाली असं धरू नका. ‘आधी कामाला ये, कागद नंतर बघू’ असं कुणी म्हणालं, तर ते दिवस मोजले जात नाहीत.

स्टायपेंडचे २०१९ च्या नियमांतले किमान आकडे असे: पाचवी ते नववी ५०००, दहावी ६०००, बारावी किंवा आयटीआय ७०००, डिप्लोमा ८०००, पदवी ९००० रुपये. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रक्कम मिळायला हवी. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, म्हणून पीएफ कापत नाहीत. कामावर इजा झाली तर मात्र भरपाईची जबाबदारी मालकाची, कलम १६ प्रमाणे.

कलम २२ घरच्यांनीही वाचावं. शिकून झाल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच. म्हणूनच परीक्षेवर आणि प्रमाणपत्रावर माझा एवढा भर. युगांडात अर्थशास्त्रज्ञांनी तरुणांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० साली ‘इकॉनोमेट्रिका’त आले. काहींना संस्थेत शिकवलं, काहींना थेट छोट्या उद्योगांत. कमाई दोघांचीही वाढली, उद्योगात शिकलेल्यांना काम आधी लागलं. पण ती नोकरी सुटल्यावर दुसरी पकडणं प्रमाणपत्रवाल्यांना सोपं गेलं आणि पुढे तेच वर गेले. शेडमधलं कौशल्य पाहून ओळखणारा मालक एकच असतो, दुसऱ्याला कागद लागतो. आपल्याकडे तर रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा आहेत. हुबळीच्या रेल्वे भरती कक्षाची अप्रेंटिस जाहिरात निघाली की त्यावर नजर ठेवा: वय १५ ते २४, दहावीला ५० टक्के आणि आयटीआय, लेखी परीक्षा नाही, दोन्हींच्या गुणांच्या सरासरीवर यादी लागते.

स्टायपेंड थकला किंवा शिकवायचं सोडून नुसती झाडलोट करून घेतली, तर काम सोडण्याआधी तक्रार करा. ती शिकाऊ उमेदवार सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाते. चार किंवा जास्त राज्यांत पसरलेली कंपनी असेल तर केंद्राच्या, एरवी राज्याच्या. कुणाकडे जायचं ते कळलं नाही तर जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये विचारा, आणि जाताना कराराची प्रत आणि पासबुकाच्या नोंदी सोबत न्या.