पार्श्वभूमी : मनोरुग्णाच्या भरतीसाठी कोर्टाची ऑर्डर

‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ हा सल्ला सातारा-सांगलीत अजून ऐकू येतो. तो मानसिक आरोग्याच्या मागच्या कायद्यातून आला आहे. 1912 च्या ब्रिटिश कायद्याची जागा 1987 च्या कायद्याने घेतली. तो 1993 मध्ये लागू झाला आणि पुढची पंचवीस वर्षं रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे रुग्णाला मनोरुग्णालयात ठेवून घेण्याचा कोर्टाचा आदेश, हाच नातेवाइकांचा कोर्टातला हक्काचा मार्ग राहिला. नवरा, बायको किंवा दुसरं कुणी नातेवाईक अर्ज करायचं, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांची सही झाली की गाडी येरवड्याच्या नाहीतर रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाकडे निघायची.

या व्यवस्थेवर आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. सातबाऱ्याच्या भांडणात भावाला वेडा ठरवणं अवघड नव्हतं. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत मेले, 2007 मध्ये अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केला. त्यानंतर आलेला 2017 चा कायदा रुग्णाच्या बाजूने लिहिला गेला. 2018 मध्ये तो लागू झाला आणि रिसेप्शन ऑर्डर गेली.

वाद आहे तो इथे. भरतीचा निर्णय आता डॉक्टरांकडे आहे. नव्या कायद्याच्या कलम 89 नुसार रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाने) अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करायची, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. मग रुग्णाला 30 दिवसांपर्यंत ठेवता येतं. कागदावर हे सोपं आहे. पण खोलीला आतून कडी लावून बसलेल्या मुलाला सिव्हिलपर्यंत न्यायचं कुणी? न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणारा जो रस्ता कलम 101 ने ठेवला, तो छळ किंवा हेळसांड होत असलेल्या रुग्णासाठी आहे, आणि त्याची खबर पोलिसांमार्फत जाते. म्हणजे सहा महिने रात्र-रात्र जागलेल्या आईने, मुलाची आबाळ होते असं स्वतःच्याच घराविरुद्ध लिहून द्यायचं. कायदा करणाऱ्यांना गैरवापर रोखायचा होता हे खरं, पण त्याची किंमत प्रामाणिक घरांनी मोजली.

म्हणून वकील दुसरीकडून शिरतात. कलम 100 मध्ये, आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यावं, असं आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ठाण्यात अर्ज देताना या कलमाचा उल्लेख आणि घडलेल्या प्रसंगांच्या तारखा असल्या की हवालदाराचं ‘हा तुमचा घरगुती मामला’ हे उत्तर टिकत नाही. कलम 102 नुसार समोर आणलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी जास्तीत जास्त 10 दिवस भरती करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. जुनी रिसेप्शन ऑर्डर समजून जाणारे इथे फसतात. हे दिवस तपासणीचे आहेत. पुढचा मुक्काम कलम 89 च्याच अटींवर ठरतो.

मोफत वकिलाचंही त्रांगडं आहे. 2017 च्या कायद्याने कायदेशीर मदतीचा हक्क दिला तो रुग्णाला, भरतीला आव्हान देण्यासाठीसुद्धा. नातेवाइकांना विधी सेवेच्या सर्वसाधारण कायद्यावरच अवलंबून राहावं लागतं, आणि त्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे अर्जदार आई किंवा बायको असली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात काम लवकर मार्गी लागतं. वडील किंवा भाऊ गेले तर बहुधा उत्पन्नाचा दाखला पुढे येतो.

भरतीवर देखरेख करणारी पुनर्विलोकन मंडळं महाराष्ट्रात रेंगाळत आली, उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. आता भरतीची खबर मंडळाला 7 दिवसांत द्यावी लागते, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत. मंडळाच्या निर्णयावर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे येतात. त्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.