सांधा शोधा

दागिना हातात आला की नजर आधी खड्याकडे जाते आणि भांडे हातात आले की चकाकीकडे. पण खड्याला पैलू बहुधा दुसऱ्याच कुणी पाडलेले असतात आणि चकाकी बफच्या चाकावर काही मिनिटांत येते. कारागिराचा हात ओळखायचा असेल तर वस्तू उलटी करावी आणि सांधा शोधावा. तारेची कडी जिथे बंद झाली ती जागा, नक्षीची तार पत्र्याला टेकते ती रेघ, किटलीला कान जडला आहे तो पट्टा. धातू कसा वागतो हे कारागिराला किती कळले आहे, ते इथे उघडे पडते.

त्यासाठी दहा पटींचे भिंग पुरते, फक्त ते नीट धरले पाहिजे. बरेच जण भिंग वस्तूजवळ नेतात आणि डोळा लांब ठेवतात. मग रुपयाएवढाही भाग धड दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि वस्तू भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणायची. उजेड बाजूने, तिरका पडू द्यायचा. समोरून पडलेला उजेड खाचखळगे झाकून टाकतो.

आधी चांदीचा साधा सांधा घेऊ. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, तांबे 1085 अंशांना. दोघांचे मिश्रण या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी वितळेल असे वाटते, पण तसे होत नाही. 72 भाग चांदी आणि 28 भाग तांबे एकत्र केले तर ते 780 अंशांनाच पाणी होते. चांदीचा डाख, म्हणजे दोन भाग जोडायला मधे वितळवायचा धातू, याच गमतीवर उभा आहे. थोडे जस्त घातले की वितळबिंदू आणखी उतरतो. म्हणजे दागिना घट्ट राहतो आणि त्याच कुळातला डाख त्याच्या अंगावर वितळतो.

वितळलेला डाख फटीत भरावा लागत नाही, तो आपोआप ओढला जातो. दिव्यातले तेल वातीत चढते तेच केशाकर्षण इथे काम करते. पण त्यासाठी फट अगदी बारीक लागते, साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर. म्हणून सांध्याचा खरा दर्जा कानशीवर ठरतो, आगीवर नंतर. दोन्ही कडा उजेडापुढे धरल्या आणि मधून प्रकाशाची रेघ दिसली, तर पुन्हा घासायचे. मोठी फट जास्त डाख घालून बुजवता येईल हा नवशिक्यांचा आवडता गैरसमज. तसा डाख मधेच खचतो, आणि पुढे वस्तू वाकली की नेमकी तिथेच भेग जाते. पातळ थर जाड थरापेक्षा मजबूत असतो, कारण दोन्ही बाजूंचा कठीण धातू त्याला ताणू देत नाही.

दुसरी चूक आगीची. डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. बारीक तार जाड पत्र्यावर ठेवून ज्योत थेट तारेवर धरली, तर तार क्षणात लाल होते, पत्रा थंडच राहतो आणि सगळा डाख तारेवर चढून बसतो. भिंगाखाली अशी तार सुजल्यासारखी दिसते आणि तिच्या मुळाशी काळी फट राहते. जाणता माणूस आधी पत्रा तापवतो, ज्योत फिरती ठेवतो आणि तारेला उष्णता पत्र्याकडून मिळू देतो. सांध्याला आधीच लावलेला टाकणखार (बोरॅक्स) 743 अंशांना वितळून काचेसारखा पसरतो, धातूवर आलेले ऑक्साइड स्वतःत विरघळवतो आणि हवा अडवून धरतो. तो उडून गेला किंवा जळला, तर कितीही तापवा, डाख गोळी होऊन बसतो. सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर एक तर टाकणखार आत अडकला आहे किंवा डाख गरजेपेक्षा जास्त वेळ आगीत राहून त्यातले जस्त उडाले आहे.

एकाच वस्तूत पाच-सहा सांधे असले की क्रम सांभाळावा लागतो. पहिल्या सांध्याला सगळ्यांत उशिरा वितळणारा डाख, पुढच्याला त्याहून 30-40 अंश आधी वितळणारा. हे चुकले की शेवटचे कोंदण बसवताना पहिली कडी गळून पडते.

92.5 टक्के चांदीच्या वस्तूंत आणखी एक खूण सापडते. उरलेल्या साडेसात टक्क्यांत बहुतेक तांबे असते. तापवताना ऑक्सिजन चांदीतून आत झिरपतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याचे ऑक्साइड बनवतो. वरून झिलई केली तरी जांभळट करडा डाग ढगासारखा राहतो. वस्तूसमोर पांढरा कागद धरून त्याचे प्रतिबिंब पाहिले की तो लगेच उमटतो. हा डाग घासून काढायला धातूचा थर घालवावा लागतो, आणि नक्षी बोथट होते ती इथे. तापवलेली वस्तू ज्यात साफ करतात त्या आम्लात लोखंडी चिमटा बुडवल्याने चढणारी तांबूस झाकही अशीच फुकटची चूक. आम्लात उतरलेले तांबे लोखंडाच्या सान्निध्यात चांदीवर येऊन बसते, म्हणून चिमटा तांब्याचा किंवा लाकडाचा वापरतात.

एवढे सगळे सांभाळूनही डाख जिथे हरतो ते काम म्हणजे रवाकाम, पत्र्यावर बारीक गोल रवे जडवणे.

इटलीतल्या एट्रुस्कन सोनारांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात केलेल्या दागिन्यांवर सोन्याचे रवे इतके बारीक आहेत की काहींचा व्यास 0.2 मिलिमीटरच्या आसपास आहे. लांबून ती नुसती मखमल वाटते. रवा करणे त्या मानाने सोपे. बारीक तारेचे समान तुकडे कापून कोळशाच्या भुकटीत एकमेकांना टेकणार नाहीत असे पसरायचे आणि सोन्याच्या वितळबिंदूपलीकडे, 1064 अंशांच्या वर न्यायचे. वितळलेल्या सोन्याचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे 15 पट असतो. सोने जड असले तरी एक मिलिमीटरहून लहान थेंबात वजनापेक्षा हा ताण वरचढ ठरतो, आणि तुकडा आपणहून गोल होतो. तारेची जाडी आणि तुकड्याची लांबी सारखी ठेवली, तर रव्याचा व्यास जाडीच्या 1.14 पट येतो. 0.3 मिलिमीटरच्या तारेचा रवा सुमारे 0.34 मिलिमीटरचा. तरी सगळे रवे सारखे निघत नाहीत, ते चाळून निवडावे लागतात. जुन्या कामातली ती शिस्तीची रांग या चाळणीतून येते.

खरा पेच पुढे आहे. दोन दशांश मिलिमीटरचा रवा डाखाने बसवायचा तर डाखाचा कणही जवळजवळ रव्याएवढाच होतो. वितळला की तो रव्यांमधल्या फटींत पाझरतो, आणि मोती ओवल्यासारखी दिसायला हवी ती ओळ चिखलात बुडाल्यासारखी दिसते. 19 व्या शतकात रोममधल्या कास्टेलानी सोनारांनी एट्रुस्कन काम हुबेहूब करण्याचा ध्यास घेतला. त्यांचे दागिने देखणे आहेत, पण जुन्या कामाची धार त्यांत पूर्ण उतरली नाही, आणि एक अडचण ही डाखाचीच होती.

उत्तर असे की डाख वापरायचाच नाही. इंग्लंडमधल्या लिटलडेल यांनी 1930 च्या दशकात या रीतीचे पेटंट घेतले. तांब्याच्या क्षाराची बारीक पूड डिंकात किंवा सरसात कालवायची आणि त्या लेपाने रवे पत्र्यावर चिकटवायचे. तापवत नेले की आधी क्षाराचे तांब्याचे ऑक्साइड होते, मग डिंक जळून कोळसा उरतो. सुमारे 850 अंशांना हा कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रव्याच्या टेकणीपाशी शुद्ध तांब्याचा अगदी पातळ थर राहतो. सोने-तांब्याचे मिश्रणही दोघांपेक्षा आधी वितळते, 900 अंशांच्या आसपास. त्यामुळे रवा पत्र्याला टेकतो तेवढाच ठिपका क्षणभर ओला होतो, तांबे सोन्यात मुरते आणि सांधा आटपतो. वेगळा असा डाख उरतच नाही. चांगल्या रवाकामात रवा पूर्ण गोल दिसतो, पत्र्याशी फक्त बारीकशा मानेने जोडलेला, आणि शेजारच्या दोन रव्यांमध्ये काळी, स्वच्छ सावली असते. ती सावली भरलेली दिसली तर डाख वापरला आहे, किंवा आगीत एखादा क्षण जास्त गेला आहे. हा क्षण फार आखूड असतो. पृष्ठभागावर ओलसर चमक धावली की ज्योत लगेच बाजूला घ्यावी लागते, नाहीतर सगळी नक्षी पत्र्यात विरघळते.

हीच नजर भांड्यांवरही वापरता येते. जुन्या तांब्याच्या भांड्याच्या अंगावर करवतीच्या दातांसारखी पिवळी नागमोडी रेघ दिसते, तिला अनेकजण नक्षी समजतात. ती शिवण आहे. पत्रा गोल वळवला की दोन कडा जोडाव्या लागतात. नुसत्या कडेला कडा लावली तर सांध्याला जागाच मिळत नाही. म्हणून कडेला चौकोनी दात कापतात, एक दात वर, पुढचा खाली असे एकमेकांत अडकवतात, पितळेने झाळतात आणि ठोकून सपाट करतात. सांध्याची लांबी वाढते आणि कडा एकमेकींना धरून राहतात. तांब्याच्या लालीवर पितळेची पिवळी रेघ उठून दिसते. दातांची उंची एकसारखी आहे का आणि आतून हात फिरवल्यावर रेघ बोटाला लागते का, एवढे पाहावे.

चांदीच्या जुन्या किटल्यांच्या कानात, वर आणि खाली, पांढऱ्या हस्तिदंताच्या पातळ चकत्या सापडतात. त्याही शोभेच्या वाटतात. चांदी उष्णता लाकडापेक्षा दोन-तीन हजार पट चांगली वाहते, त्यामुळे अखंड चांदीचा कान हाताला चटका देतो. कान कापून मधे चकती बसवली आणि खिळीने पक्की केली की उष्णतेची वाट तुटते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना या चकत्या लागत नाहीत, कारण ते उष्णता चांदीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाएवढीच वाहते.

मीनाकामात सांधा दिसत नाही, कारण तो काच आणि धातू यांच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो. 750 ते 850 अंशांना काच वितळून तांब्याला चिकटते, पण थंड होताना तांबे काचेपेक्षा जास्त आकसते. पातळ पत्र्यावर एकाच बाजूला मीना असेल तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. म्हणून पत्रा पातळ असेल तर मागेही, कुणी पाहणार नाही अशा बाजूला, मीना चढवतात. पदक उलटे करून पाहावे: मागे एकरंगी साधा थर आहे की उघडे तांबे.

लाकडी पेटीच्या झाकणात तर कारागीर एक सांधा मुद्दाम जोडायचा सोडतो. लाकूड दमट हवेत फुगते, पण फक्त आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ नाहीच. 30 सेंटिमीटर रुंद फळी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर तरी हलते. चौकटीत तिला सगळीकडून सरसाने पक्के केले, तर ती स्वतः फाटते किंवा चौकट उसवते. म्हणून फळी खाचेत सैल बसवतात, फार तर मध्यावर एक थेंब सरस. पॉलिशही फळी चौकटीत बसवण्याआधी करायचे असते. तसे केले नाही, तर कोरड्या दिवसांत फळी आकसते आणि कडेला कोऱ्या लाकडाची फिकट पट्टी बाहेर येते.