जुना मरीन टँक धुताना: व्हिनेगर कुठे, ब्लीच कुठे

बरेच दिवस बंद पडलेला सेकंडहँड मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, धुवायला काही जण व्हिनेगर घेतात, काही जण ब्लीच. शेवटी सफाईच करायची आहे, मग कुठलंही चालेल, असं धरलं जातं. तसं नाही. व्हिनेगर म्हणजे ॲसिड, ते चुना विरघळवतं. ब्लीचला चुना सुटत नाही. ते शेवाळ, बुळबुळीत थर, एप्टेशिया (टँकमध्ये तणासारखं माजणारं छोटं समुद्रफूल) असं जिवंत किंवा कुजलेलं सगळं मारतं आणि विरघळवून टाकतं.

काचेवरच्या पांढऱ्या थरावर आधी साधं पाणी टाका. विरघळला तर ते मीठ होतं, रसायन लागतच नाही. नाही गेला तर त्यावर व्हिनेगरचा एक थेंब सोडा. बारीक बुडबुडे फसफसले की समजा, चुना आहे. जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ, म्हणजे अंगात चुना साठवणारं कडक शेवाळ, याच गटातलं. ब्लीचने ते मरतं, पांढरं पडतं, पण चुन्याची खपली काचेला तशीच चिकटून राहते.

पंप आणि पॉवरहेडला (टँकमध्ये पाण्याचा प्रवाह फिरवणारा छोटा पंप) म्हणून ॲसिडच. पंप घरघरत असेल तर इम्पेलर (आतलं पाणी ढकलणारं चक्र) काढून बघा. चुंबकावर आणि शाफ्टवर चुना बसलेला असतो. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला किंवा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. त्यात पंप अर्धा ते एक तास चालू ठेवा, मग ब्रशने घासा. फसफस थांबली आणि थर मात्र शिल्लक असेल, तर ॲसिड संपलंय. नवीन द्रावण करा.

खरं नुकसान होतं ते दगडांच्या बाबतीत. टँकमध्ये रचलेला रीफचा (प्रवाळखडकाचा) दगड स्वतःच चुन्याचा, त्यामुळे ॲसिड घाणीबरोबर दगडही खातं. आत मेलेलं-कुजलेलं काढायचं तर बिनवासाचं साधं ब्लीच 1 भाग, पाणी 10 भाग, प्लॅस्टिकच्या पिंपात, उघड्यावर, आठवडाभर. मध्येच ब्लीचचा वास गेला तर ते संपलंय, पुन्हा घाला. नंतर भरपूर पाण्याने धुवा, उरलेलं ब्लीच निष्प्रभ करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवा, परत धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. वेळ वाचवायला दगड उकळू मात्र नका: त्यावर झोआन्थिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे छोटे समुद्री जीव) असतील तर वाफेतून त्यांचं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष श्वासात जातं आणि घरातली माणसं गंभीर आजारी पडू शकतात. घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

ब्लीचने दगड स्वच्छ दिसतो, पण त्यात मुरलेलं फॉस्फेट तिथेच राहतं आणि पुढे शेवाळाला खत पुरवतं. पूर्ण वाळलेला दगड थोडा वेळ सौम्य ॲसिडमध्ये बुडवला की वरचा पापुद्रा विरघळतो आणि त्यातलं फॉस्फेटही जातं. क्रम हाच ठेवा, आधी ब्लीच, मग ॲसिड, आणि मध्ये पूर्ण वाळवण. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आधीच्या मालकाने माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे विकत घेतानाच विचारा. दगड-वाळूत मुरलेल्या तांब्यावर ब्लीच आणि ॲसिड या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही, आणि कोळंबी, गोगलगाई, कोरल यांना ते थोडंही सोसत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर दगड आणि वाळू टाकून द्या. सडक्या अंड्यासारखा वास येणारी काळी वाळू तर तशीही ठेवायची नाही.