अंगणवाडीच्या माठापर्यंत क्लोरीन पोचतं का?

पावसाळा लागला की गावच्या विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, पडते आणि पाणी शुद्ध झालं असं आपण धरून चालतो. त्या भरवशाची किंमत लहान मुलं मोजतात. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त पाणी पितात, आणि जुलाब लागले की त्यांच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं.

टीसीएल पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून जिवाणूच्या ऋणभारित आवरणातून तो सहज आत शिरतो आणि आतली प्रथिनं निकामी करतो. या कामाला निदान अर्धा तास द्यावा लागतो. पाणी गढूळ असेल तर त्यातला सेंद्रिय गाळच बरंचसं क्लोरीन संपवतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पण गोणी उघडी राहिली, तिला ओल लागली, की तेही घटत जातं. अशी जुनी पावडर कितीही निष्ठेने टाकली तरी जंतू मरत नाहीत.

टाकीतून निघालेल्या पाण्यालाही धोका असतोच. नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे मधल्या वेळात पाइपात दाब नसतो. जोड गळका असला आणि शेजारून गटार वाहत असलं, तर घाण आत ओढली जाते. म्हणूनच नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करायच्या चाचणीत, पाणी पिवळं होतं ते या शिल्लक क्लोरीनमुळे.

बांगलादेशात ढाका आणि टोंगीच्या वस्त्यांत सामायिक नळांवर आपोआप क्लोरीन सोडणारी साधनं बसवली गेली. वीज नको, कुणी रोज आठवण ठेवायला नको. तुलनेसाठी काही नळांना क्लोरीनऐवजी क जीवनसत्त्व दिलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: क्लोरीनच्या नळांवरच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी.

क्लोरीनला न जुमानणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी आहेतच, आणि शौचानंतर साबणाने हात धुतले नाहीत तर स्वच्छ पाणीही माठात बुडवलेल्या हाताने दूषित होतं. तरी एक बदल आजच करता येईल. ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर उरकू नका. गावातल्या शेवटच्या नळावर करा, आणि अंगणवाडीत मुलं ज्या माठातून पाणी पितात त्या माठातही करा. पिवळा रंग आला नाही, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाला सांगा.